किरकोळ रक्तस्राव

पडद्यावर सहाचा आकडा उमटला आणि डॉ. शुभदा लिगाडेने खुर्चीवरच्या दिव्याला अशी चापट मारली की तो बिचारा भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. खुर्चीत आ वासून पडलेली नऊ वर्षांची ईश्वरी दचकली.

"तुला नाही गं बाळ," शुभदा म्हणाली. "या डबड्याचा राग आलाय मला."

डबडं म्हणजे 'स्पंदिका'. टूथब्रशाएवढी पांढरी दांडी आणि तिच्या टोकाला एक मऊ चिमटा. दात चिमट्यात धरायचा, वीस सेकंद गप्प बसायचं, की भिंतीवरच्या पडद्यावर शून्य ते शंभरमधला एक आकडा येतो. दाताच्या आत किती जीव उरलाय, त्याचा तो आकडा. ईश्वरीच्या वरच्या, पुढच्या, उजव्या दाताचा आकडा मार लागल्यानंतर दुसऱ्या आठवड्यात आठ होता, चौथ्या आठवड्यात सात, आणि आज सहा आठवडे झाल्यावर सहा. शेजारचा दात मात्र दर वेळी पन्नाशीच्या वर.

झालं होतं ते एवढंच, की वाडीवरच्या हापशाला पाणी प्यायला ईश्वरी वाकली आणि तिच्या चुलतभावाने दांडा मध्येच सोडून दिला. दांडा उसळला तो थेट तोंडावर. दात तुटला नाही, नुसता हलला आणि जागेवरून जरासा खाली सरकला. तिची आई काजल गळवे त्याच दुपारी तिला बॅटरीच्या मोटरसायकलवर बसवून आटपाडीला घेऊन आली. शुभदाने दात जागेवर बसवला, शेजारच्या दातांना बारीक तारेने बांधला, दोन आठवड्यांनी तार सोडवली. दात घट्ट धरला होता. रंग बदललेला नाही, हिरडीला सूज नाही, क्ष-किरणात मुळाशी काळी सावली नाही. तीस वर्षं लोकांच्या तोंडात डोकावून काढलेल्या शुभदाला आतून खात्री होती की हा दात जिवंत आहे.

आणि डबडं म्हणत होतं, मेला.

"परत कमीच का म्याडम?" काजलने दारातूनच विचारलं. तिशीची, सडसडीत बाई. डोक्यावरचा पदर तोंडापाशी घट्ट धरून उभी.

"कमीच. काजल, दुखतं का हिला? रात्री उठते का?"

"न्हाई जी. कवाच न्हाई."

"मग मरतोय कशाला मेला," शुभदा पुटपुटली, आणि तेवढ्यात पडद्यावर लाल पट्टी सरकली. सरकारच्या बालदंत योजनेचं पोर्टल माणसांपेक्षा फार तत्पर. सलग तीन नोंदी पंधराच्या खाली. सात दिवसांत दातातला गर काढून मूळ भरावं. न केल्यास प्रकरण फिरत्या पथकाकडे वर्ग होईल. खाली नेहमीसारखीच 'समजले' अशी एकच कळ होती. 'पटले नाही' अशी कळ पोर्टलवर कुठेच नव्हती, तिने शोधून पाहिली होती.

आता हा गर म्हणजे काय, ते सांगायला हवं. दात दगडासारखा दिसतो, पण त्याच्या पोटात एक बारीकशी पोकळी असते आणि तिच्यात रक्तवाहिन्या, मज्जातंतू आणि पेशी असलेला मऊ गर असतो. त्याला रसद येते ती मुळाच्या टोकाला असलेल्या भोकातून. दाताला मार बसला की त्या भोकाशी केसाएवढ्या रक्तवाहिन्या ताणतात, कधी तुटतात. मोठ्या माणसात ते भोक सुईच्या नेढ्याएवढं, त्यामुळे एकदा रसद तुटली की बहुतेकदा गर मरतो. पण आठ-नऊ वर्षांच्या पोराच्या दाताचं मूळ अजून पुरतं वाढलेलं नसतं, टोक मोकळं असतं. तिथून नव्या वाहिन्या हळूहळू आत शिरतात. कधी गर सावरतो, कधी सडतो, तर कधी धास्तावल्यासारखा आपल्याच भोवती भराभर भिंती बांधत सुटतो आणि पोकळीच बुजवून टाकतो. मग दात पिवळट होतो, पण टिकतो. गोची अशी की सगळ्यात शेवटी शुद्धीवर येतो तो मज्जातंतू. त्यामुळे अशा दाताला बर्फ लावा, विजेचा हलका झटका द्या, तो महिनोन्महिने काही बोलत नाही. गप्प बसलेला दात आणि मेलेला दात बाहेरून अगदी सारखे दिसतात.

म्हणून शुभदाच्या पिढीला शिकवलं होतं की थांबा. एका लक्षणावर दाताला भोक पाडू नका. कारण या वयात गर काढला, तर मूळ वाढायचं तिथेच थांबतं. दात वरून छान दिसतो, पण मुळाच्या भिंती पापडासारख्या पातळ राहतात आणि ऐन विशीत एखादा पेरू चावताना तो हिरडीपाशी कटकन मोडतो. उलट थांबलात आणि गर खरंच मेलेला असला, तर आतली घाण मूळ कुरतडत बसते. म्हणजे थांबलं तरी धोका, घाई केली तरी धोका. स्पंदिकेने दोन वर्षांपूर्वी हा पेच सोडवला, असं सगळे म्हणत. ती दातातून तांबडा प्रकाश सोडायची. आत लाल पेशी वाहत असतील तर परतणाऱ्या प्रकाशात बारीक फरक पडतो, तो मोजायचा, शेजारच्या दाताशी ताडून पाहायचा. मज्जातंतू बोलो न बोलो, रक्त वाहतंय की नाही हे समजतं. शास्त्र चोख होतं. शुभदाने ते वाचून, तपासून, मान्य केलं होतं.

मान्य करण्याला आणखी एक कारण होतं. हे यंत्र तिच्या पोराने बनवलं होतं.

निनादला तिने दुपारी जेवायच्या सुट्टीत फोन लावला.

"आई, तिन्ही नोंदी बघितल्या मी," तो पुण्याहून म्हणाला. "एकदम स्वच्छ सिग्नल आहे. शेजारचा दात बावन्न, हा सहा. यात शंका घ्यायला जागाच नाही."

"रंग छान आहे, निनाद. ठोकून बघितलं तरी आवाज चांगला येतो."

"रंग आणि आवाज! आई, तू कान लावून निदान करणार का आता?"

"तीस वर्षं केलंय."

"हो. आणि माझ्या वेळेलाही केलं होतंस."

तो हे चिडून म्हणाला नाही, सहज बोलून गेला, आणि लगेच "तसं नव्हतं म्हणायचं मला" असंही म्हणाला. पण शुभदाच्या हातातला घास ताटात परत गेला. निनाद दहा वर्षांचा असताना क्रिकेटचा चेंडू लागून त्याचा पुढचा दात हलला होता. रंग चांगला होता, सूज नव्हती, दुखत नव्हतं. ती थांबली. चार महिने थांबली. पाचव्या महिन्यात फोटो काढला तर मूळ अर्धं खाल्लेलं. डॉक्टरणीच्या पोराचा दात डॉक्टरणीच्या डोळ्यांदेखत गेला. विसाव्या वर्षी त्याने खोटा दात बसवून घेतला आणि हसत हसत म्हणाला, आई, आता मी असं काहीतरी करणार की कुणाला अंदाजावर थांबावं लागू नये. त्या हसण्यातून स्पंदिका निघाली. तिच्यापुढे 'मला वाटतं' म्हणायला शुभदाला तोंड नव्हतं.

"एक महिना मुदत मिळेल का?" तिने विचारलं.

"पोर्टल माझ्या हातात नाही गं. तू नाही केलंस तर गाडी येईल आणि यांत्रिक हात दहा मिनिटांत करून जाईल. उलट तूच केलेलं बरं ना?"

हेच तिला सगळ्यात जास्त टोचलं, कारण ते खरं होतं. फिरत्या पथकाची ती निळी गाडी तिने पाहिली होती. पोरांना रांगेने आत घेतात आणि पलीकडच्या दाराने बाहेर काढतात. निदान माझ्या हाताने होऊ दे, असं ती स्वतःला समजावत राहिली. चार दिवस समजावलं, पाचव्या दिवशी काजलला बोलावणं धाडलं.

काजल लेकीला घेऊन आली ती नीटनेटकी. ईश्वरीच्या दोन वेण्या, इस्त्रीचा फ्रॉक, तोंडाला बडीशेपेचा वास. शुभदाने भूल दिली. मेलेल्या दाताला भूल कशाला, असा प्रश्न पूर्वी डॉक्टर विचारत. पण योजनेच्या नियमात भूल आधी, मूल हलू नये म्हणून. दाताभोवती रबराचा पातळ पडदा ताणला, डोळ्यांना भिंगाचा चष्मा लावला आणि तिने ड्रिल सुरू केलं. मनातल्या मनात ती कुणाकुणाला शिव्या देत होती. पोर्टलला, पोराला, स्वतःला.

भोक पोकळीपर्यंत पोहोचलं. मेलेला गर करडा असतो, त्याला कुबट वास येतो. शुभदा त्या वासाची वाट पाहत होती.

वास आला नाही. भोकाच्या तळाशी गुलाबी ठिपका दिसला, आणि त्यातून लालभडक रक्ताचा थेंब वर आला. पुसला, तर दुसरा आला.

शुभदाचा हात हवेतच थांबला. मग तिने ड्रिल बाजूला फेकलंच. "कापूस! सलाइन! चटकन!" तिची मदतनीस रोहिणी गोंधळून बघत राहिली, तिच्या दोन वर्षांच्या नोकरीत हे काम या जागी कधी थांबलं नव्हतं. शुभदाने गराचा वरचा दोन मिलिमीटरचा भाग तेवढा अलगद उडवला, ओला कापूस दाबून धरला आणि घड्याळाकडे बघत बसली. एक मिनिट. दोन. गर सुजून बिघडलेला असला तर रक्त थांबत नाही. चार मिनिटांनी कापूस उचलला, तर रक्त थांबलेलं. खाली गुलाबी, टवटवीत, धडधाकट गर. तिने त्यावर पांढऱ्या सिमेंटचा लेप दिला, वरून भोक बुजवलं. उरलेला गर जगण्याची आता चांगली आशा होती. नशीब थोर म्हणून गर खरवडायची सुई मुळात घालायच्या आधी तिने बघितलं.

पण मग यंत्र तीन वेळा खोटं का बोललं?

रबराचा पडदा काढताना भिंगातून तिला दिसलं. दात जिथे हिरडीत शिरतो त्या कपारीत काळी रेघ होती, बारीक, काजळाच्या काडीने ओढल्यासारखी. तिने कापसाचा बोळा फिरवला आणि नाकाशी नेला. जळक्या तंबाखूचा वास.

तिने काजलला आत बोलावलं.

"काजल, या दाताला काय लावतेस?"

"काय न्हाई जी."

"काजल."

काजलने लेकीकडे बघितलं, मग फरशीकडे. "मशेरी, म्याडम. जराशीच."

"नऊ वर्षांच्या पोरीला?"

"दुखू न्हाई म्हून. सासूबाई म्हनल्या, मुका मार हाय, मशेरी दाबून धरली की ठणका मरतो. मंग रोज थोडी थोडी. आन तुमच्याकडं यायचं म्हनल्यावर..." ती अडखळली.

"म्हटल्यावर काय?"

"जरा जास्तच. तुमच्याम्होरं दात सोच्छ दिसाय पायजे की. आन तुमी हात लावला तर दुखू न्हाई. निघायच्या आदुगर चांगली दाबून धरते तेवढ्याच दातावर. मंग चूळ भरायची आन बडीशेप चघळायची."

शुभदाने कपाळाला हात लावला. तवा तापवून तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, चुरायची, बोटाने दाताला चोळायची. या भागातल्या निम्म्या बायकांचा दिवस तिथूनच सुरू होतो. त्यातली तंबाखू हिरडीतून शिरून बारीक वाहिन्या आकसून टाकते. अर्धा-पाऊण तास रक्त कमी वाहतं. वर हिरडीच्या कपारीत बसलेली काजळी तांबडा प्रकाश गिळते. वाडीवरून आटपाडीला यायला बरोबर पंचवीस मिनिटं लागतात. म्हणजे ईश्वरीचा दात रोज जिवंत होता आणि फक्त दवाखान्यात येताना, आईच्या मायेने आणि टापटिपीने, वीस सेकंदांपुरता मरत होता.

"अगं पण फॉर्मवर विचारलं होतं ना मी! तंबाखू, गुटखा, मशेरी, सगळं विचारलं होतं. तू नाही म्हणालीस!"

"तुमी वरडता म्याडम," काजल हळूच म्हणाली. "मागल्या साली माझ्या जावंला खुर्चीतनं उठिवलं हुतं तुमी. भाईर समद्या बाया बसल्या हुत्या. मशेरी सोड, मंगच हितं ये, म्हनला. ती मेली लाजंनं. तवापासनं आमी समद्याच बडीशेप खाऊन येतो."

शुभदाने भिंतीकडे बघितलं. दवाखान्याच्या भिंतीवर तिने स्वतःच्या हाताने रंगवलेली पाटी होती, मशेरी लावणाऱ्यांना तपासले जाणार नाही. तिला वाटायचं, पाटीचा गुण आला. हल्ली कुणी मशेरी लावून येत नाही. आणि यंत्र आल्यापासून तर भिंग लावून हिरडीच्या कपारीत डोकावण्याचं कारणच उरलं नव्हतं. चिमटा रोहिणी लावायची, शुभदा पडद्याकडे बघायची.

"आता बारा दिवस काही लावू नकोस," ती शेवटी म्हणाली. "पाण्याने फक्त. आणि मग ये."

"तुमी रागावला न्हाई न्हवं?"

"रागावले आहे. तुझ्यावर नाही."

बारा दिवसांनी ईश्वरी आली तेव्हा शुभदाने चिमटा स्वतः लावला. एकेचाळीस. रोहिणीने टाळी वाजवली. ईश्वरीने विचारलं, "पास का?" आणि शुभदाला त्या दोन महिन्यांत पहिल्यांदा हसू आलं.

ते हसू दुपारपर्यंतच टिकलं. दुपारी निनादचा फोन आला. तिने पाठवलेले फोटो आणि आकडे त्याने पाहिले होते.

"मशेरी!" तो म्हणाला. "आई, मी आटपाडीतच वाढलो आणि मला एकदाही सुचलं नाही. चौदा हजार मुलांवर चाचणी घेतली आम्ही."

"कुठल्या मुलांवर?"

"शाळांमध्ये. पुणे, नाशिक, खेड्यातल्याही घेतल्या होत्या."

"आणि ती मुलं घरून दात घासून आली होती?"

"नाही. स्वच्छ नोंदी याव्यात म्हणून शाळेतच आम्ही ब्रश वाटले होते. नवे. पेस्टसकट."

मग निनाद म्हणाला, "एका दातावर कंपनी यंत्र थांबवणार नाही. म्हणतील, अपवाद आहे. मला आणखी दाखले लागतील. आई, तू आतापर्यंत सव्वीस दात उघडलेस ना योजनेत? त्यांत कधी असं रक्त दिसलं होतं?"

"ठेवते," शुभदा म्हणाली. "पेशंट आलाय."

बाहेरची बाकं रिकामी होती.

तिने दार लावून घेतलं आणि पोर्टल उघडलं. दात उघडल्यावर एक नोंद करावी लागे. दोनच पर्याय असत: 'रक्तस्राव नाही' आणि 'किरकोळ रक्तस्राव'. दुसरा निवडला तरी पुढे काही विचारत नसत. सव्वीसपैकी नऊ ठिकाणी तिने किरकोळ निवडलं होतं.

तिला एकेक आठवत गेलं. कारंड्यांच्या पोराचा दात, चैत्रात. तो अंमळ जास्तच वाहिला होता. तिने म्हटलं होतं, मुळाच्या टोकाशी थोडं जिवंत ऊतक उरतं, सुई तिथे लागली असेल. असं पुस्तकात लिहिलेलंही आहे. पण सुई तेव्हा टोकाच्या जवळपासही गेली नव्हती. रक्त पहिल्या भोकालाच आलं होतं, आणि तिने ते पाहिलं होतं. नऊ वेळा पाहिलं आणि नऊ वेळा पुसलं. भूल दिलेली पोरं ओरडली नाहीत. आकडा म्हणत होता मेला, आणि तिला तो आकडा हवा होता. कारण आकड्याचं ऐकलं की थांबावं लागत नाही, आणि थांबणं म्हणजे तिच्यासाठी निनादच्या अर्ध्या खाल्लेल्या मुळाचा तो फोटो. यंत्राला मशेरी ठाऊक नव्हती, यात यंत्राचा काय दोष? तिला रक्त ठाऊक होतं. ईश्वरीच्या वेळी हात थांबला तो शहाणपणाने नव्हे, नुसता वैतागलेला होता म्हणून थांबला. या विचाराने तिला स्वतःची इतकी चीड आली की ती उठून खोलीत फेऱ्या मारू लागली.

तासाभराने तिने निनादला परत फोन लावला.

"नऊ," ती म्हणाली.

"काय नऊ?"

"नऊ जिवंत दात मारले मी. नावं पाठवते. सगळी पोरं आठ ते दहा वर्षांची, सगळी वाड्या-वस्त्यांवरची."

"आई..." त्याचा आवाज उतरला. "यंत्राने सांगितलं म्हणून केलंस तू."

"यंत्राने आकडा सांगितला. रक्त मी बघितलं."

"ऐक, मी हे निनावी देतो. 'एका तालुक्यातील दंतवैद्य' असं लिहितो. नाव दिलंस तर दंत परिषदेत चौकशी लागेल तुझ्यामागे, नोंदणी जाईल."

"निनावी दिलंस तर मानतील?"

"बघतो मी," तो म्हणाला.

"मानतील का, निनाद?"

"नाही मानणार. डॉक्टरच्या सहीचं निवेदन लागतं."

"मग वेळ कशाला घालवतोस माझा? राज्यात अशी किती डबडी आहेत?"

"अकराशे."

"म्हणजे अकराशे डॉक्टर 'किरकोळ' लिहितायत. मी सही करते. आणि हे बघ, तुझा दात गेला म्हणून तू मला कधी बोलला नाहीस. बोलायला हवं होतंस. एकदा कडाकडा भांडून टाकलं असतं तर मी एवढी घाबरून राहिले नसते."

"मला नाही भांडता आलं, आई. तू रडत होतीस."

संध्याकाळच्या आत निवेदन गेलं. पाचव्या दिवशी राज्यातल्या स्पंदिका तपासणीसाठी थांबवल्याचा आदेश आला. निनादच्या कंपनीत कुणीच त्याच्याशी धड बोलत नव्हतं, आणि शुभदाच्या नावाने परिषदेची नोटीस निघाली. ती नोटीस तिने घडी करून ड्रॉवरमध्ये टाकली. चौकशीची तारीख पुढच्या महिन्यात होती. त्याआधी नऊ घरं गाठायची होती. त्या दातांना आता आतून आधार देता येतो, पातळ भिंतींना आतून लेप भरून थोडं बळ आणता येतं. फक्त दात मोडायच्या आत पोरं आली पाहिजेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला तिने पहिला फोन लावला, कारंड्यांच्या घरी. दीपाली कारंडेने उचलला.

"मी डॉक्टर लिगाडे बोलतेय, आटपाडीहून. शौर्यच्या दाताबद्दल..."

"आवो म्याडम! तुमचीच आठवण काडली हुती काल," दीपालीचा आवाज एकदम उजळला. "लई ग्वाड दात झालाय बगा. समद्यांना दावतो. तुमचं उपकार कसं फेडायचं आमी?"

"दीपाली, ऐक जरा. उपकार बिपकार काही नाही. माझी चूक झालीय. तो दात मेला नव्हता. जिवंत होता. मी उगाच त्याला भोक पाडून आतला गर काढला."

"पर त्यो दुखत न्हाई की आता."

"दुखत नाही कारण आत काही राहिलंच नाही. वरून चांगला दिसतो, पण आतून कच्चा आहे तो. मोडेल."

"न्हाई वो म्याडम. चांगला टणक हाय. तुमी कशाला एवढं मनाला लावून घेताय? आत्ताबी हितं माझ्याम्होरं रानात बसून ऊस खातुया त्याच दातानं."

"ऊस?" शुभदा ओरडली. "ऊस खातोय? पुढच्या दाताने? काढून घे आधी त्याच्या हातातनं! डोकं बिकं आहे का तुम्हा लोकांना?"

मग दीपालीचा आवाज आला, बारीक, अदबीचा, दवाखान्यात येणाऱ्या बायकांचा असतो तसा. "न्हाई जी. खात न्हाई त्यो. मी आपलं असंच म्हनलं."

शुभदाने फोन कानापासून दूर धरला आणि डोळे मिटले. तिला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं. तिने खुर्ची ओढली, बसली, आणि आवाज शक्य तेवढा खाली आणला.

"दीपाली, चुकलं माझं. आत्ता ओरडले तेही चुकलं. तुझ्यावर राग नाही माझा, आई शप्पत नाही. तू फक्त खरं काय ते सांग. मी काही म्हणणार नाही."

"उसाचं तिसरं कांडकं हाय, म्याडम," दीपाली म्हणाली.